अवतरंगात कण कुठे जातो, अनुतरंगात कुठे: घरी करून बघायचा क्रम

नववीच्या किंवा अकरावीच्या कुठल्याही वहीत ध्वनीच्या धड्याचं पान उघडा. बहुतेक वेळा तिथे नागमोडी रेघ असते, खाली ‘ध्वनितरंग’ लिहिलेलं असतं आणि शेजारी वर-खाली बाण. व्याख्या मात्र तोंडपाठ: अनुतरंगात कण तरंगाच्या दिशेला समांतर हलतात, अवतरंगात काटकोनात. व्याख्या एक सांगते, आकृती दुसरंच, आणि दोन्हींवर बरोबरची खूण होऊन वही परत आलेली असते. हा गोंधळ वाचून सुटत नाही. आधी हातानं करायचं, मग एकाच कणावर नजर ठेवायची, मग ठिपके मांडायचे आणि आलेख सगळ्यात शेवटी. बहुतेक जण आलेखापासून सुरुवात करतात, तिथेच बिघडतं.

## तयारी: सामान आणि जागा

मुख्य वस्तू म्हणजे स्लिंकी, ती सैल लांबलचक स्प्रिंग. पुण्यात तुळशीबागेत खेळण्यांच्या दुकानांत इंद्रधनुष्यी रंगांची प्लास्टिकची मिळते. ती चालते, पण हलकी असल्यानं तिच्यातली लाट लवकर विरते. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे धातूची मिळाली तर तीच घ्या. शिवाय तीन-चार मीटर जाड सुती दोरी लागेल. बोहरी आळीत मागताना कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी घेऊन येऊ नका. ती हलकी असते आणि गुंडाळीचे पीळ धरून बसते. लाल लोकरीचा तुकडा, चिकटपट्टी, खडू, तीस सेंटिमीटरची मोजपट्टी, आलेखाची वही आणि स्लो मोशन चित्रण करणारा मोबाइल एवढं जमवलं की झालं.

जागा गुळगुळीत हवी. घरातली टाइल उत्तम. जुन्या वाड्यातली खडबडीत शहाबादी फरशी असेल तर स्लिंकी अडकत अडकत सरकते. पंखा बंद ठेवा आणि मदतीला एक माणूस घ्या.

स्लिंकी जमिनीवर दोन ते अडीच मीटर ताणा. तिची नैसर्गिक रेषा फरशीवर खडूनं आखून घ्या. मधल्या एका वेढ्याला लाल लोकर बांधा आणि तिच्या बरोबर खाली फरशीवर चिकटपट्टीची खूण करा. लोकर हा आपला ‘कण’ आणि पट्टी ही त्याची मूळ जागा. ही खूण करायचा कंटाळा केला तर पुढचं सगळं अंदाजपंचे होईल.

सावध: ताणलेली स्लिंकी कुणीही अचानक सोडायची नाही. सुटलेलं टोक थेट तोंडावर येतं, आणि एकदा वेढ्यांची गुंतवळ झाली की ती सोडवण्यात संध्याकाळ जाते.

## टप्पा १: काही हलवण्याआधी दोन बाण

फरशीवर खडूनं एक लांब बाण काढा: तुमच्या हातापासून मदतनिसाच्या हाताकडे. हा तरंगाचा बाण, तो दोन्ही प्रयोगांत तसाच राहणार आहे. दुसरा बाण कणाचा. तो आत्ता काढायचा नाही, लोकर हलताना बघूनच काढायचा.

प्रत्येक वेळी आधी तरंगाची दिशा, मग कणाची, आणि शेवटी दोन्हींमधला कोन. ‘अवतरंग म्हणजे वर-खाली आणि अनुतरंग म्हणजे मागे-पुढे’ हे पाठांतर इथेच सोडून द्या. तरंग जमिनीकडून छताकडे जात असेल तर त्यातला वर-खाली हलणारा कण अनुतरंगातला असतो. वर-खाली, डावं-उजवं यांना स्वतःचा अर्थ नाही. कणाची दिशा तरंगाच्या दिशेशी किती कोन करते एवढंच बघायचं.

## टप्पा २: अवतरंग, तोही जमिनीवर

तुमच्याकडचं टोक धरून हात झटक्यात डावीकडे न्या आणि लगेच मूळ रेषेवर परत आणा. एकच झटका. वेढ्यांचा एक बाक तयार होऊन पलीकडे धावत जाईल. तुम्ही मात्र त्या बाकाच्या मागे डोळे पळवू नका, लाल लोकरीकडेच बघत राहा. ती पट्टीवरून डावीकडे सरकते आणि परत पट्टीवर येऊन थांबते. मदतनिसाच्या दिशेनं ती गेलेलीच नसते. आता कणाचा बाण काढा. तो तरंगाच्या बाणाला काटकोनात येईल.

हा प्रयोग हवेत न करता जमिनीवर करायचा, यामागे कारण आहे. हवेत दोरी झटकली की कण वर-खाली जातात आणि ‘अवतरंग म्हणजे वर-खाली’ हे चुकीचं समीकरण आणखी पक्कं होतं. जमिनीवर कण डावी-उजवीकडे जातो आणि तरीही तरंग अवतरंगच असतो.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, हात डावीकडे नेऊन तिथेच ठेवणं. मग लोकरही डावीकडे जाऊन तिथेच राहते, आणि बघणारा म्हणतो, ‘कण तर परत आलाच नाही!’ हात परत आणला तरच कण परत येतो. दुसरी चूक, परावर्तित लाट मोजणं. मदतनिसानं टोक घट्ट धरलेलं असतं, त्यामुळे बाक तिथून उलटून, म्हणजे उजव्या बाजूनं, परत येतो आणि लोकर पुन्हा हलते. निरीक्षण फक्त पहिल्या फेरीचं करा, मग स्लिंकी पूर्ण शांत होऊ द्या.

तपासा: झटका मोठा दिला तर लोकर जास्त लांब सरकते. पण बाक पलीकडे लवकर पोहोचतो का? दोन-तीनदा करून बघा. तरंगाचा वेग माध्यमावर, इथे स्प्रिंगच्या ताणावर आणि वस्तुमानावर, ठरतो. हाताच्या जोरावर नाही.

## टप्पा ३: अनुतरंग

तेच टोक, तीच रेषा. आता हात मदतनिसाच्या दिशेनं चार-पाच सेंटिमीटर झटकन ढकला आणि लगेच मागे घ्या. वेढ्यांची दाटी पुढे धावेल आणि तिच्या मागून विरळ भाग जाईल. ही दाटी म्हणजे संपीडन आणि विरळ भाग म्हणजे विरलन. लोकर पट्टीवरून पुढे सरकते, थबकते आणि मागे येऊन पुन्हा पट्टीवर थांबते. कणाचा बाण या वेळी तरंगाच्याच रेषेत येतो आणि त्याला दोन्ही टोकांना अणकुची काढावी लागते. ही दोन टोकं विसरली की ‘कण तरंगाबरोबर जातो’ हा गैरसमज आलाच म्हणून समजा.

बऱ्याच ठिकाणी दहा-बारा वेढे एकत्र गोळा करून सोडायला सांगतात. दाटी छान दिसते हे खरं, पण जवळचे वेढे सुटताना मागे-पुढे कसेही उसळतात आणि कणाची हालचाल वाचता येत नाही. आपल्याला कणच बघायचा आहे, तेव्हा हातानं ढकलून मागे घेणंच बरं.

वर्गात हमखास दिलं जाणारं रांगेतल्या धक्क्याचं उदाहरणही जपून वापरा. दगडूशेठच्या दर्शनाच्या रांगेत मागून आलेला धक्का पुढे पोहोचतो, इथवर ठीक. पण रांगेतला माणूस धक्का खाऊन पुढे सरकला की मिळालेली जागा सोडून मागे येत नाही. कण येतो.

आणखी एक गंमत. ‘अनुतरंग अवतरंगापेक्षा वेगवान’ असं सरसकट लिहिलं जातं. खडकात ते खरं आहे. पण स्लिंकी तिच्या मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणलेली असते, आणि अशा वेळी दोन्ही लाटा जवळजवळ एकाच वेगानं जातात. दोन्ही प्रयोग एकाच ताणावर करून वेळ मोजा, फरक सांगणं जड जाईल.

## टप्पा ४: मोबाइलनं एकाच कणाचा हिशेब

डोळा सवयीनं लाटेमागे धावतो, म्हणून चित्रण हवं. खुर्चीवर उभं राहून मोबाइल लोकरीच्या बरोबर वर धरा. शेजारी फरशीवर मोजपट्टी ठेवा. सेकंदाला २४० चौकटींचं (फ्रेम्सचं) स्लो मोशन निवडा. ते नेहमीच्या ३० चौकटींनी दाखवलं की हालचाल आठपट संथ होते. शक्यतो दिवसाउजेडी करा, काही एलईडी दिव्यांखाली चित्र लुकलुकतं.

दर दहाव्या चौकटीला, म्हणजे सेकंदाच्या चोविसाव्या भागाला, लोकर मोजपट्टीवर कुठे आहे ते लिहून काढा. अनुतरंगाचे आकडे असे दिसायला हवेत: शून्य, वाढत वाढत कमाल, पुन्हा कमी होत शून्य. शेजारच्या रकान्यात त्याच वेळी दाटी कुठे पोहोचली ते लिहा. तो आकडा वाढतच जातो. एक रकाना परत फिरतो आणि दुसरा फिरत नाही, हे स्वतःच्या अक्षरात लिहिल्यावर वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सावध: लोकर अगदी शून्यावर न येता अर्धा-एक सेंटिमीटर अलीकडे-पलीकडे थांबली तर ते घर्षण आहे, सिद्धांताची चूक नाही. मात्र चांगली तीन-चार सेंटिमीटर पुढेच राहत असेल तर तुमचा हात परत आलेला नाही.

## टप्पा ५: ठिपके मांडा, आलेख नंतर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आलेखाच्या वहीत डावीकडे थोडी जागा सोडून एका ओळीत एकेक सेंटिमीटरवर तेरा ठिपके काढा आणि त्यांना ० ते १२ क्रमांक द्या. या कणांच्या मूळ जागा. तरंगलांबी १२ सेंटिमीटर आणि आयाम, म्हणजे कणाचं मूळ जागेपासून जास्तीत जास्त सरकणं, १ सेंटिमीटर धरू. एका ठरावीक क्षणी प्रत्येक कणाचं विस्थापन सेंटिमीटरमध्ये क्रमानं असं आहे:

०, ०.५, ०.९, १, ०.९, ०.५, ०, −०.५, −०.९, −१, −०.९, −०.५, ०

आधी अवतरंग. दुसऱ्या ओळीत प्रत्येक ठिपका त्याच्या मूळ जागेच्या सरळ वर (ऋण असेल तर खाली) तेवढा सरकवा. नागमोडी आकार येईल: तीन नंबरला शीर्ष, नऊ नंबरला गर्त. हे माध्यमाचं खरंखुरं चित्र आहे. दोरीचा फोटो काढला तर ती अशीच दिसेल.

आता अनुतरंग. विस्थापनाचे आकडे तेच, पण ठिपके उजवीकडे (ऋण असेल तर डावीकडे) सरकवायचे. नवीन जागा अशा येतील:

०, १.५, २.९, ४, ४.९, ५.५, ६, ६.५, ७.१, ८, ९.१, १०.५, १२

सगळे ठिपके एकाच आडव्या ओळीत राहतात, नागमोडी काहीही दिसत नाही. दिसते ती सहा नंबरच्या आसपासची दाटी आणि शून्य व बारापाशी विरळपणा. अनुतरंगाचा फोटो असा दिसतो. पुस्तकात ध्वनीसाठी जी नागमोडी रेघ असते तो फोटो नसतो, आलेख असतो. उभ्या अक्षावर विस्थापन, दाब किंवा घनता मांडलेली असते. उभा अक्ष काय दाखवतो हे लिहिल्याशिवाय ती रेघ काढायचीच नाही, असा नियम घालून घ्या.

आता सहा नंबरकडे नीट बघा. दाटी तिथे सर्वांत जास्त आहे आणि त्याचं विस्थापन शून्य आहे! अकरावी-बारावीतली चांगली मुलंही इथे फसतात. त्यांना वाटतं, जिथे कण सर्वांत जास्त सरकला तिथे संपीडन. प्रत्यक्षात सहाच्या डावीकडचे कण उजवीकडे सरकलेत, उजवीकडचे डावीकडे, आणि दोघांनी मिळून सहाला मध्ये धरलंय. तीन नंबर पूर्ण एक सेंटिमीटर सरकलाय, पण त्याच्या शेजारचे दोघेही जवळपास तेवढेच सरकल्यामुळे तिथलं अंतर फारसं बदललेलं नाही. म्हणून विस्थापनाचा आलेख आणि दाबाचा आलेख एकावर एक बसत नाहीत. ते पाव तरंगलांबीनं सरकलेले असतात.

पुढची ओळ पाव आवर्तकालानंतरची (आवर्तकाल म्हणजे एका पूर्ण कंपनाला लागणारा वेळ). तरंग उजवीकडे जातोय, म्हणून विस्थापनाची सगळी यादी तीन घरं उजवीकडे सरकवा. जागा येतात: −१, ०.१, १.५, ३, ४.५, ५.९, ७, ७.९, ८.५, ९, ९.५, १०.१, ११. दाटी सहावरून नऊवर आली, म्हणजे तीन सेंटिमीटर पुढे गेली. सहा नंबरचा कण मात्र सहावरून सातवर, फक्त एक सेंटिमीटर गेला, आणि आता तो परत फिरणार आहे.

तपासा: मूळ जागांच्या पहिल्या ओळीतला सहा नंबर आणि नव्या ओळीतला सहा नंबर पेन्सिलीनं जोडा, इतर कणांचंही तसंच करा. एकही जोड एक सेंटिमीटरपेक्षा जास्त आडवा सरकत असेल तर बेरजेत चूक आहे.

## टप्पा ६: या क्षणी कण कोणत्या बाजूला चाललाय?

स्पर्धा परीक्षांत हा प्रश्न वारंवार येतो आणि मुलं उंचवट्याच्या चढ-उताराकडे बघून उत्तर ठोकून देतात. पद्धत एकच वापरा. अवतरंगाची रेघ काढा. तरंग ज्या दिशेला चाललाय तिकडे किंचित सरकवून तीच रेघ तुटक काढा. आता प्रत्येक कणाच्या मूळ जागेवरून सरळ वर-खाली बघा: तुटक रेघ वर असेल तर कण वर चाललाय, खाली असेल तर खाली. उजवीकडे जाणाऱ्या तरंगात शीर्षाच्या उजव्या उतारावरचे कण वर जात असतात. उतारावरून कण घसरणार असं वाटतं खरं, पण होतं नेमकं उलट. शीर्षावरचा आणि गर्तातला कण त्या क्षणापुरता थांबलेला असतो.

अनुतरंगासाठी एवढं पुरे: संपीडनाच्या मध्यावरचे कण तरंगाच्या दिशेनं चाललेले असतात, विरलनाच्या मध्यावरचे उलट दिशेनं. वर सहा नंबर उजवीकडे गेला आणि शून्य नंबर डावीकडे, ते याचमुळे.

कणाचा वेग आणि तरंगाचा वेग एकमेकांत मिसळू नका. साध्या खोलीच्या तापमानाला हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. नेहमीच्या बोलण्यात त्यापायी हवेच्या कणांना मिळणारा पुढे-मागे वेग सेकंदाला एक मिलिमीटरही नसतो. ‘वेग = वारंवारता × तरंगलांबी’ या सूत्रातला वेग तरंगाचा आहे, कणाचा नाही.

## टप्पा ७: गजांची चाचणी

दोरीचं एक टोक खिडकीबाहेर कुणाच्या तरी हातात द्या आणि दोरी दोन उभ्या गजांमधून ताणून धरा. वर-खाली झटका दिला तर लाट गजांमधून पार होते. डावी-उजवीकडे दिला तर तिथेच अडते. दोन्ही अवतरंगच, पण तरंगाच्या दिशेला काटकोनात कंपनाच्या अनेक दिशा शक्य असतात, म्हणून असा फरक पडतो. स्लिंकी गजांना न घासता मधून जात असेल तर तिच्यातल्या अनुतरंगाला गज उभे की आडवे याचं काही सोयरसुतक नसतं. ध्रुवीकरण, म्हणजे कंपन एकाच दिशेत बांधलं जाणं, फक्त अवतरंगांचंच का होतं, याचं उत्तर इथे हातात मिळतं.

## टप्पा ८: बाहेरची उदाहरणं, दोन बाण लावून

ढोल. पान कंप पावतं ते स्वतःच्या पृष्ठभागाला काटकोनात. हवेतून कानापर्यंत येतो तो अनुतरंग. ‘ढोलाचा तरंग कोणता’ या प्रश्नाला उत्तर नाही. आधी विचारा, पानातला की हवेतला. तंबोऱ्याच्या तारेचंही तसंच. हवा आणि पाणी आकार बदलायला विरोध करत नाहीत, फक्त दाबाला करतात. म्हणून त्यांच्या आतून ध्वनी अनुतरंगानंच जातो. घन पदार्थात दोन्ही प्रकार जाऊ शकतात. ‘ध्वनी नेहमीच अनुतरंग’ हे वाक्य ‘हवेत’ हा शब्द घालून लिहा.

भूकंप. पहिल्यांदा पोहोचणाऱ्या पी-लहरी अनुतरंग, मागून येणाऱ्या एस-लहरी अवतरंग. कवचातल्या खडकात त्यांचे वेग ढोबळमानानं सेकंदाला ६ आणि ३.५ किलोमीटर धरले, तर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवरच्या कोयनानगरहून पुण्याला पी-लहर सुमारे २१ सेकंदांत पोहोचते आणि एस-लहर ३६ सेकंदांत. म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात पुण्यात दोन्हींमध्ये साधारण पंधरा सेकंदांचं अंतर पडलं असणार. भूकंपाचं केंद्र किती लांब, हे भूकंपमापकाच्या नोंदीवरून याच फरकानं काढतात. पृथ्वीच्या द्रवरूप बाह्य गाभ्यातून एस-लहरी जात नाहीत. कारण वर आलंच आहे.

प्रकाश आणि रेडिओ लहरी. इथे कणाचा बाण काढायला बसलात तर अडकाल, कारण हलणारा कणच नाही. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं बदलतात, तीही तरंगाच्या दिशेला काटकोनात, म्हणून या लहरी अवतरंग. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना ज्या लहरी पकडतात त्या निर्वात पोकळीतून आलेल्या असतात. ‘प्रकाशात माध्यमाचे कण काटकोनात हलतात’ असं लिहिलंत तर गुण जाणारच.

पाण्याच्या लाटा. पुस्तकांत अवतरंगाचं उदाहरण म्हणून सर्रास देतात, आणि हे उदाहरण अर्धवट आहे. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खाऊन झालं की, काठाच्या जरा आत तरंगणारं पान किंवा काडी शोधा (साल पाण्यात टाकू नका, आधीच पुष्कळ आहेत) आणि पलीकडच्या एखाद्या स्थिर खुणेशी ते ताडून बघा. लाटेचा माथा येताना पान वर चढतं, माथ्यावर किंचित लाटेच्या दिशेनं पुढे जातं, उतरतं आणि खळग्यात मागे सरकतं. पृष्ठभागावरचे कण वर्तुळासारख्या वाटेनं फिरतात. पाणी उथळ होत गेलं की ते वर्तुळ चपटं होतं. म्हणजे काटकोनातली आणि समांतर अशा दोन्ही हालचाली एकत्र असतात. वारा असेल तर पान हळूहळू एका बाजूला वाहतही जातं; ते वाहणं वजा करून उरलेली हालचाल बघा. शालेय उत्तरात अवतरंगाचं उदाहरण मागितलं तर ताणलेल्या दोरीवरचा तरंग लिहा. पाण्याची लाटच लिहायची असेल तर ‘पृष्ठभागावरची’ म्हणा आणि कणांची वाट वर्तुळाकार असते हेही जोडा.